कॉट बेसिसवरचं मांजर

घरात नीट सांभाळलेलं मांजर चौदा-पंधरा वर्षं सहज जगतं. इंजिनिअरिंग चार वर्षांत संपतं. एटीकेटी धरून पाच म्हणा. कॉलेजात असताना मांजर पाळण्याची सगळी भानगड या दोन आकड्यांच्या वजाबाकीत आहे. पुण्यात मे-जून आला की विद्यार्थ्यांचे फ्लॅट रिकामे होतात, गाद्या आणि टेबलं टेम्पोत चढतात, आणि मांजर पार्किंगमध्ये राहतं. 'बाहेर जगेल की, मांजरच आहे' असं म्हणून सोडलेलं, तीन वर्षं चौथ्या मजल्यावर वाढलेलं मांजर बाहेर फार दिवस टिकत नाही. कायद्यानेही तो गुन्हा आहे: प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ मध्ये पाळीव प्राणी वाऱ्यावर सोडणं येतं.

म्हणून मांजराच्या शी-शूचा ट्रे कुठला घ्यायचा, खाणं कुठलं, हे सगळं नंतर. आधी तीन गोष्टी ठरवायच्या: मांजर ज्या एकाच माणसाच्या नावावर असेल तो कोण, दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ते कुठे राहील, आणि शेवटची परीक्षा झाल्यावर ते कोणत्या घरी जाईल. 'आपण सगळे मिळून पाळू' हे तिन्हींपैकी कशाचंच उत्तर होत नाही. चौघांचं मांजर म्हणजे दवाखान्यात न्यायच्या वेळी कोणाचंच नसलेलं मांजर. खाऊ सगळ्यांनी घालावा, पण लसीच्या पुस्तकावर नाव एकाचंच हवं.

हॉस्टेलबद्दल लांबण लावण्यात अर्थ नाही. कॉलेजच्या आणि सरकारी वसतिगृहांत प्राणी चालत नाहीत, आणि नियम बाजूला ठेवला तरी ती जागा मांजरासाठी नाहीच. एका खोलीत तीन कॉट, दार दिवसभर उघडं-बंद, कॉरिडॉरमध्ये दुसऱ्या मजल्यावरून थेट खाली जाणारे कठडे. त्यात लपवून ठेवलेलं मांजर रेक्टरची फेरी आली की कपाटात कोंडलं जातं. मांजर डोळे मिटून दूध पितं तसं हे चालतं, आणि सापडलं की एका दिवसात बाहेर काढायला सांगतात. तेव्हा त्याला नेणार कुठे? हॉस्टेलवाल्यांसाठी वेगळा आणि चांगला मार्ग आहे, तो पुढे येईल. बाकीचं सगळं फ्लॅट भाड्याने घेऊन राहणाऱ्यांसाठी.

घरमालक

ताकाला जाऊन भांडं लपवू नका. ब्रोकर सांगतो, 'आधी शिफ्ट व्हा, मग बघू.' ते ऐकायचं नाही, कारण मांजर लपत नाही. ते खिडकीत बसतं, आणि समोरच्या काकूंना पहिल्याच रविवारी दिसतं.

महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि तो बहुधा ११ महिन्यांचा असतो. एजंटच्या छापील मसुद्यात प्राणी ठेवू नयेत असं एखादं कलम असतं. ते काढून त्या जागी हे घालायला सांगा: 'परवानाधारक सदर सदनिकेत एक नसबंदी व लसीकरण झालेले मांजर ठेवेल. मांजरामुळे झालेल्या नुकसानीची दुरुस्ती परवानाधारकाच्या खर्चाने होईल व ती रक्कम अनामत रकमेतून वळती करता येईल.' घरमालकाला भीती तीनच गोष्टींची असते: वास, ओरबाडलेलं फर्निचर आणि शेजाऱ्यांची तक्रार. कलमातल्या 'नसबंदी' आणि 'खर्चाने' या दोन शब्दांनी तिन्हींचं बरंचसं उत्तर मिळतं. आत गेल्या दिवशी दारांच्या कडा, पडदे, सोफा आणि खिडक्यांच्या जाळ्या यांचे तारखेसकट फोटो काढून घरमालकाला व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा. डिपॉझिट परत घेताना हेच कामी येतात.

सोसायटीचं प्रकरण वेगळं. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. चेअरमन अडवायला लागले तर त्या दाखवाव्या. पण त्या सूचनांचा आधार घेऊन घरमालकाशी केलेला करार मोडता येत नाही. ही गल्लत बरेच जण करतात. पुणे महापालिकेच्या हद्दीत मांजरासाठीही परवाना काढावा लागतो, त्याला रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं. तो काढून ठेवलेला असला की सोसायटीच्या कमिटीसमोर बोलणं सोपं जातं.

आणखी एक अडचण आपल्याकडचीच. 'फक्त शाकाहारी' अटीचे फ्लॅट. मांजर शाकाहारी होत नाही. टॉरिन नावाचं अमिनो आम्ल त्याला मांसातूनच मिळतं, ते कमी पडलं की डोळ्याचा पडदा आणि हृदय दोन्ही खराब होतात. बंद पिशवीतलं कोरडं खाणं चालेल का, हे मालकाला आधीच स्पष्ट विचारा. बऱ्याच मालकांचा आक्षेप ओट्यावर मटण शिजण्याला असतो, मांजराच्या वाटीला नसतो.

कोणतं मांजर

पिल्लू आणू नका. हे वाचून कोणी ऐकत नाही, तरी लिहितो. दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून चार वेळा खायला लागतं, रात्री दोन वाजता त्याला पाय दिसला की ते पायावर झेप घेतं, आणि तुमचं प्रॅक्टिकल नऊ ते पाच. वर्ष-दोन वर्षांचं, नसबंदी झालेलं, माणसाळलेलं देशी मांजर कॉलेजच्या वेळापत्रकात बसतं, कारण ते दिवसाचे बारा-चौदा तास झोपतच असतं. स्वभावही कळलेला असतो. पिल्लूच घ्यायचं असेल तर आठ आठवड्यांच्या आतलं नको, आणि शक्य असेल तर एकाच वेताची दोन घ्या; एकमेकांशी खेळून दमतात आणि तुमच्या पायांची सुटका होते.

पर्शियन तर मुळीच नको. रोज विंचरावं लागतं, नाही विंचरलं तर काखेत आणि पोटाखाली केसांचे नमदे होतात, चपट्या नाकामुळे उकाड्यात श्वासाचा त्रास, डोळ्यांतून सतत पाणी. नागपूर-अमरावतीच्या मे महिन्यात, कूलर बंद असलेल्या खोलीत, हा प्राणी ठेवणं क्रूरपणा आहे.

आणण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने मांजर असलेल्या घरात दोन-तीनदा तासभर बसून यावं. ॲलर्जी केसांची नसते, मांजराच्या लाळेतल्या आणि कातडीतल्या प्रथिनाची असते; त्यामुळे 'कमी केसांचं आणू' हा उपाय नाही. दम्याचा पंप वापरणारा रूममेट असेल तर विषय तिथेच संपवा.

ट्रे आणि वाळू

भांडण लागतं ते इथेच. फ्लॅटला वास यायला लागला की पहिला रूममेट कुरकुरतो, मग शेजारी, मग मालक.

ट्रे मांजराच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या दीडपट हवा. दुकानातले देखणे झाकणाचे ट्रे बहुतेक लहान पडतात आणि झाकणाखाली वास कोंडतो. मंडईत मिळणारा मोठा चौकोनी प्लास्टिकचा टब स्वस्त आणि बरा. कडा १५ ते २० सेंटिमीटर उंच, एका बाजूला आत जाण्यापुरती कड कापून तिची धार मेणबत्तीवर जरा शेकून बोथट करा. घमेलंही चालतं, पण गोल असल्याने कोपरा नसतो आणि वाळू उडते.

बेंटोनाइटची, म्हणजे ओली झाली की गोळा धरणारी वाळू घ्या. थर पाच-सहा सेंटिमीटरचा. ४५ बाय ३५ सेंटिमीटरच्या लहान टबातही एवढा थर द्यायला सात-आठ किलो वाळू लागते, म्हणजे पाच किलोची एक पिशवी पहिल्याच भरणीला अपुरी. लोक कंजूषपणे दोन सेंटिमीटर घालतात. मग मूत तळापर्यंत जाऊन प्लास्टिकला चिकटतं, गोळा खरवडावा लागतो आणि वास टबातच मुरतो. पहिली भरणी झाली की पुढे एका मांजराला महिन्याला आठ-दहा किलो धरा. तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लाला ही वाळू नको, ते ती खाऊन बघतं आणि ती पोटात फुगते. त्याला लाकडी भुशाच्या गोळ्या द्या. बांधकामाच्या ढिगातली रेती फुकट मिळते खरी, पण ती गोळा धरत नाही, जड असते, आणि तिच्यात आधीच गल्लीतल्या मांजरांनी काय केलंय ते सांगता येत नाही.

टब बाथरूममध्ये ठेवण्याचा मोह सगळ्यांना होतो. चार जणांच्या फ्लॅटमध्ये तो चुकीचा. सकाळी सात ते नऊ तिथे ओळीने आंघोळी चालतात, दार बंद असतं, आणि मांजराला नेमकं तेव्हाच जायचं असतं. मग ते गादीवर जातं. दुसरं, पंजाला चिकटून आलेली वाळू ओल्या फरशीवर पसरते, तिचा राखाडी चिखल होतो, तो मोरीच्या जाळीखाली जाऊन बसतो आणि वाळला की सिमेंटसारखा घट्ट. प्लंबर येऊन सळई घालतो, तेव्हा कारण सगळ्यांना कळतं. कमोडमध्ये वाळू टाकणं म्हणजे हेच, फक्त मोठ्या पाइपात. टब कोरड्या बाल्कनीत, पॅसेजच्या कोपऱ्यात किंवा खोलीच्या दाराआड ठेवा. खाण्याच्या वाटीपासून लांब. खाली जुनं पायपुसणं टाका, पंजे तिथेच पुसले जातात.

गोळे दिवसातून दोनदा काढायचे, सकाळी कॉलेजला निघताना आणि रात्री जेवणाआधी. एक कारण वास. दुसरं टोक्सोप्लाझ्मा, मांजराच्या विष्ठेतून माणसाला लागू शकणारा परजीवी: त्याची अंडी विष्ठेतून पडल्यावर संसर्गाला लायक व्हायला एक ते पाच दिवस घेतात, म्हणजे रोज साफ केलं तर धोका बराच कमी. गर्भवती व्यक्तीने मात्र हे काम करूच नये. काढलेले गोळे वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत बांधा आणि वर लाल ठिपका करा, सॅनिटरी पॅडसारखंच. कचरा वेचणाऱ्या ताई हाताने वर्गीकरण करतात हे लक्षात असू द्या. महिन्यातून एकदा सगळी वाळू टाकून टब साध्या साबणाने धुवायचा.

फिनाईल नको. हे वाक्य फ्लॅटच्या दारावर लावा आणि फरशी पुसायला येणाऱ्या मावशींनाही सांगा. फिनाईल, डेटॉल आणि तशाच फिनॉलवर्गीय द्रावणांचा निचरा मांजराच्या यकृताला करता येत नाही. ते फरशीवरून पंजावर आणि पंजावरून चाटून पोटात जातं. मुतावर ब्लीचही ओतू नये, त्यातल्या अमोनियाशी मिळून घातक वायू होतो. फरशी साबणाच्या पाण्याने पुसा. कापसाच्या गादीत मूत मुरलं तर ती गादी गेली असंच समजा. म्हणून जमिनीवर गाद्या टाकून झोपणाऱ्यांनी मांजर येण्याआधीच रेक्झिनची खोळ शिवून घ्यावी.

मांजर अचानक टबाबाहेर जायला लागलं तर त्याला 'बदला घेतोय' म्हणू नका. कारणं ठरलेली: टब घाण आहे, वाळूचा ब्रँड बदलला, टबाजवळ कोणीतरी स्पीकर ठेवला, किंवा मूत्रमार्गात दुखतंय. शेवटचं आधी तपासा.

खाणं, मुंग्या, पावसाळा

चार किलोच्या, नसबंदी झालेल्या घरातल्या मांजराला दिवसाला सुमारे २०० ते २२० कॅलरी लागतात. कोरड्या खाण्यात हे ५५ ते ६० ग्रॅम होतं. एकदा किराणा दुकानाच्या काट्यावर मोजून घ्या आणि वाटीवर मार्करने रेघ मारा. चार रूममेट असलेल्या घरात मांजर लठ्ठ होतं ते याच कारणाने: प्रत्येकाला वाटतं, त्याला अजून कोणी घातलंच नाही. फ्रिजवर कागद चिकटवा, घातलं की खूण करायची. ८५ ग्रॅमचं ओलं पाऊच दिलं की कोरडं १५-२० ग्रॅम कमी. ओलं खाणं थोडं तरी द्यावंच, कारण मांजर मुळात पाणी कमी पितं.

मेसच्या डब्यातला रस्सा नको. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, मग ते शिजवलेले असोत की पूड असो. बिनमिठाचं उकडलेलं चिकन २५-३० ग्रॅम, हाड काढून, आठवड्यातून दोनदा छान. फक्त त्याच्यावर मांजर ठेवता येत नाही, त्यात कॅल्शियम नसतं. सुकट-जवळा खारट असतो, चिमूटभर गंमत म्हणून ठीक. दूध बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही, जुलाब होतात. बशीत दूध हा आपल्या बालगीतांचा दोष आहे. कुत्र्याचं खाणं स्वस्त म्हणून आणू नका, त्यात मांजरापुरतं टॉरिन नसतं.

मुंग्यांसाठी जुना उपाय चालतो: वाटी पाण्याने भरलेल्या थाळीत ठेवायची. लक्ष्मणरेषेचा खडू मात्र ओढू नका, त्यात कीटकनाशक असतं. पावसाळ्यात कोरडं खाणं मऊ पडतं आणि त्यावर बुरशी धरते, म्हणून जून ते सप्टेंबर लहान पिशव्या घ्या आणि पिशवीसकट घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. डब्यात सुटं ओतलं की तळाचा तेलकट भाग खवट होतो आणि मांजर अचानक खाणं सोडतं.

खिडकी

मांजर पडत नाही, हा गैरसमज आहे. कबुतरावर झेप घेताना ते चौथ्या मजल्यावरूनही जातं. सरकत्या खिडकीची फायबरची मच्छरजाळी नखाने फाटते, आणि ती चौकटीतून सुटायला एक धक्का पुरतो. भाड्याच्या घरात भोकं पाडायची नसतील तर असं करा: खिडकी जेवढी उघडी ठेवायची त्यापलीकडे ती सरकू नये म्हणून रुळात मापाची लाकडी पट्टी आडवी टाका, फट मांजराच्या डोक्याहून अरुंद, म्हणजे मोठ्या मांजराला पाच सेंटिमीटरपेक्षा कमी. बाल्कनीच्या ग्रिलला एक इंच चौकोनाची वेल्डेड तारजाळी नायलॉनच्या केबल टायने बांधा, दर १५ सेंटिमीटरवर एक टाय. उन्हाने हे टाय वर्षभरात कडक होऊन तुटतात, म्हणून दर दिवाळीच्या साफसफाईत बदला किंवा सरळ बाइंडिंग वायर वापरा. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी मांजर दाताने कातरतं.

ओरबाडण्यासाठी खांब लागतोच. नाही दिला तर मालकाचा सोफा आहे. ८० ते ९० सेंटिमीटर उंचीचा लाकडी तुकडा, खाली हलणार नाही असा जड पाया, त्यावर काथ्याची दोरी घट्ट गुंडाळून खिळ्यांनी पक्की केलेली. मांजर अंग ताणून ओरबाडतं, त्यामुळे बुटका किंवा डुलणारा खांब ते एकदा बघून सोडून देतं. खांब कोपऱ्यात लपवू नका, सोफ्याच्या ज्या कडेवर त्याचा डोळा आहे तिथेच उभा करा.

दवाखाना

ट्रायकॅटची, म्हणजे मांजरांच्या तीन रोगांवरची एकत्रित लस आठ आठवड्यांपासून, मग सोळा आठवड्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी. रेबीजची बारा आठवड्यांनंतर आणि पुढे दरवर्षी. जंताचं औषध मोठ्या मांजराला दर तीन महिन्यांनी. नसबंदी पाच-सहा महिन्यांची असताना. मादी पाचव्या महिन्यात माजावर येऊ शकते, आणि मग दर दोन-तीन आठवड्यांनी रात्रभर जे ओरडणं चालतं त्याला सोसायटीत उत्तर नसतं. बोक्याचं मूत फवारणं वेळेवर केलेल्या नसबंदीने बहुतेक टळतं, सवय लागल्यावर केली तर खात्री नाही. शस्त्रक्रियेनंतर दहा दिवस गळ्यात कॉलर आणि उड्या बंद, म्हणून ती सबमिशनच्या आठवड्यात ठेवू नका. खाजगी दवाखाना परवडत नसेल तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. मुंबईत परळचं बाई साकरबाई हॉस्पिटल आहे, त्याला जुने लोक बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात.

आता ज्या गोष्टीला सकाळ होईपर्यंत थांबायचं नसतं ती. बोका पुन्हा पुन्हा टबात जातो, बसतो, जोर लावतो, ओरडतो, आणि वाळूत काहीच ओलं होत नाही. विद्यार्थी याला बद्धकोष्ठ समजून एरंडेल शोधतात. बहुतेक वेळा तो मूत्रमार्ग बंद झालेला असतो. बोक्याचा मार्ग अरुंद, त्यात खड्यांची बारीक रेती किंवा चिकट बूच अडकतं. मूत तुंबलं की रक्तात पोटॅशियम चढतं आणि एक-दोन दिवसांत हृदय थांबतं. पोट हलकेच चाचपलं तर मागच्या बाजूला लिंबाएवढा कडक गोळा लागतो. दाबायचा नाही, रिक्षा बोलवायची. डॉक्टर भूल देऊन नळी घालतात, दोन-तीन दिवस ठेवून घ्यावं लागू शकतं. यासाठीच पाच-दहा हजार रुपये वेगळे ठेवलेले असावेत, सेमिस्टरच्या फीमधून काढून नव्हे. रोज गोळे मोजण्याची सवय असेल तर हे सहा तास आधी कळतं: एरवी दोन-चार गोळे निघतात, आज एकही नाही.

मांजराला ताप वाटला म्हणून क्रोसिन देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मोठं मांजर मारायला पुरते. कुत्र्याच्या पिसवांचं मानेवर टाकायचं औषध तितकंच घातक ठरू शकतं, त्यात परमेथ्रिन असेल तर झटके येतात. लिलीच्या फुलांचा गुच्छ फेअरवेलहून घरी आणू नये. परागसुद्धा चाटला तर मूत्रपिंडं जातात. केसांचे रबर, राखीचा दोरा, मांजाचे तुकडे जमिनीवरून उचला. दोरा गिळला आणि त्याचं टोक मागून बाहेर दिसलं तर ओढू नका, आतलं आतडं चिरतं.

पिल्लांना नायटा फार होतो आणि तो खोलीतल्या सगळ्यांना लागतो. हातावर गोल, कडा लाल, खाजणारा चट्टा दिसला की मेडिकलवरून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणून चोळतात. चार दिवस बरं वाटतं, मग दुप्पट पसरतं. त्वचेच्या डॉक्टरकडे तुम्ही आणि प्राण्यांच्या डॉक्टरकडे पिल्लू, दोघांनी एकाच आठवड्यात जायचं. आणि मांजर चावलं किंवा रक्त येईल असं ओरबाडलं तर जखम साबणाच्या वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवून महापालिकेच्या दवाखान्यात रेबीजची लस घ्यायला जा, घरचं मांजर असलं तरी डॉक्टरांना ठरवू द्या.

सुट्ट्या

मांजर एकटं जास्तीत जास्त एक दिवस राहू शकतं. दोन दिवसांचं खाणं वाटीत ओतून गावाला जाणं नको: पहिल्या रात्रीच मुंग्या लागतात, टब भरतो, आणि वर लिहिलेलं मूत्रमार्गाचं प्रकरण झालं तर बघायला कोणी नसतं. आपोआप खाणं टाकणारं यंत्र वीज गेली की बसतं. दिवाळीच्या तीन आठवड्यांसाठी पुण्यातच राहणारा वर्गमित्र दिवसातून दोनदा येणार असेल तर मांजर आपल्या जागीच ठेवणं सगळ्यात चांगलं. मांजर माणसाइतकंच जागेला धरून असतं. लक्ष्मीपूजनाच्या रात्री खिडक्या बंद, पडदे ओढलेले, कपाटाचं खालचं दार उघडं; ते तिथे जाऊन बसेल, बसू द्या.

गावी न्यायचं असेल तर पिंजरा दोन आठवडे आधी खोलीत उघडा ठेवा आणि खाणं त्यातच घाला. निघायच्या चार-पाच तास आधी खाणं बंद, पाणी चालू. पिंजऱ्यावर जुनी चादर. वाटेत चहाला थांबल्यावर 'जरा मोकळं करू' म्हणून दार उघडायचं नाही. ढाब्यावर सुटलेलं मांजर सापडत नाही. रेल्वेत पाळीव प्राणी आपल्याजवळ ठेवायचा तर एसी फर्स्टचा अख्खा कूपे किंवा केबिन घ्यावी लागते, नाहीतर तो ब्रेक व्हॅनमध्ये जातो. विद्यार्थ्याला दोन्ही जमत नाही, त्यामुळे गाडी करून दोघा-तिघांत भाडं वाटून घेणं हाच व्यवहार. गावच्या घरी पहिला आठवडा एकाच खोलीत. वाड्याची दारं दिवसभर उघडी असतात आणि अंगणातली कुत्री त्याला ओळखत नाहीत. आजीला आधी विचारा. 'आडवं जातं' म्हणून तिला ते घरात नको असेल तर ऐनवेळी वाद घालण्यात मांजराचं भलं नाही.

हॉस्टेलवाल्यांसाठी

मेसच्या मागे दोन-चार मांजरं असतातच. एखादीला खोलीत न आणता तिथेच सांभाळता येतं. मेसच्या दारापासून लांब, एक ठरलेली जागा, रोज एकच वेळ, आणि अर्ध्या तासात थाळी उचलायची. उरलेलं पडून राहिलं की उंदीर येतात आणि मेसवाला रेक्टरकडे जातो. चार महिने नियमित खाणं दिलं की मांजर पिंजऱ्यात जाण्याइतकं विश्वासतं. मग वर्गणी काढून स्थानिक संस्थेमार्फत नसबंदी आणि रेबीजची लस, आणि परत त्याच जागी. डाव्या कानाचं टोक सरळ कापलेलं दिसलं तर समजावं, तिची झालेली आहे. मे महिन्यात हॉस्टेल रिकामं होण्याआधी वॉचमनकाकांकडे खाण्याची पिशवी आणि पैसे देऊन ठेवा. वर्षातून एकदा हे काम ज्युनियरकडे सोपवताना तोंडी नको, चिठ्ठीवर लिहून.

शेवटचं वर्ष

नवं घर शोधायचं असेल तर जानेवारीत सुरुवात करा. जूनमध्ये सगळ्यांचीच मांजरं घर शोधत असतात आणि मोठ्या मांजराला घर मिळायला महिने लागतात. जाहिरातीत फोटोबरोबर वय, नसबंदीची तारीख, लसी, कुत्र्यांची सवय आहे का, हे लिहा. 'खूप गोड आहे' सगळेच लिहितात. घेणाऱ्याच्या घरी एकदा जाऊन खिडक्या बघा. नोकरी दुसऱ्या शहरात लागली आणि मांजर बरोबर येणार असेल तर पहिला पगार येईपर्यंतचा महिना ते कुठे राहील तेही ठरवा, कारण कंपनीचं गेस्ट हाऊस त्याला घेणार नाही.

देताना लसीचं पुस्तक, आठवडाभराचं तेच खाणं, न धुतलेली चादर, आणि जुन्या टबातली दोन मुठी वाळू पिशवीत घालून द्या. नव्या टबात ती वरून पसरली की मांजर पहिल्या रात्री जागा शोधत फिरत नाही.